हाडाला भार कळतो



"आजी पडल्या आणि खुबा मोडला," ही बातमी आपण प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली आहे. पडणे म्हणावे तर ते केवढे? उंबरठ्याला पाय अडखळला, नाहीतर न्हाणीत घसरला. तेवढ्या पडण्याने नातवाला खरचटतसुद्धा नाही. म्हातारीचे हाड मात्र वाळल्या काडीसारखे मोडते. मग घरची माणसे खाट टाकतात, उशा लावतात आणि मायेने बजावतात, "आता उठायचं नाही हं. हाडाला विश्रांती पाहिजे." ही माया खरी आहे. पण हाडाला खरोखर विश्रांती मानवते का? ह्या प्रश्नामागे अनेक माणसे लागली. त्यांत रंगारी होते, इंजिनियर होते, शस्त्रवैद्य होते. त्यांचीच हकिगत आज आपणांस सांगायची आहे.

हाड म्हणजे शरीरातला दगड, एकदा घडला की घडला, असे पुष्कळांना वाटते. स्मशानातले हाड पाहून तसेच वाटणार! ह्या समजुतीला पहिला धक्का बसला तो एका जेवणाच्या पंगतीत. १७३६ च्या सुमाराची गोष्ट. लंडनचे शस्त्रवैद्य जॉन बेल्शियर एका चिटाचे कापड छापणाऱ्याकडे जेवायला गेले होते. ताटातल्या डुकराच्या मांसातले हाड चक्क तांबडे दिसले. चौकशी करता कळले की, कापडावरचा जादा रंग काढायला वापरलेला कोंडा त्या डुकरांना खायला घालीत. रंग होता मंजिष्ठेच्या जातीच्या झाडाच्या मुळीचा. आपल्याकडची मंजिष्ठा ह्याच कुळातली. पुढे फ्रान्समध्ये द्यूहामेल द्यू मोन्सो ह्यांनी जनावरांना ही मुळी काही दिवस चारली, काही दिवस बंद केली, पुन्हा चारली. हाड कापून पाहतात तो एकावर एक तांबडे आणि पांढरे थर! म्हणजे हाडावर रोज नवी भर पडत होती. दगडावर अशी भर पडत नाही. हाड जिवंत ठरले.

पण जिवंत असले तरी त्याला भार कळतो हे कशावरून? ह्यासाठी आपण स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरी जाऊ. साल १८६६. तिथे हेरमान फोन मायर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक होते. त्यांनी माणसाच्या मांडीचे हाड उभे चिरले आणि खुब्याजवळच्या टोकाचे चित्र काढून विद्वानांच्या सभेत मांडले. ह्या टोकाच्या आत भरीव हाड नसते. हाडाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. आपल्यापैकी जे गुरुजी मांसाहार करतात, त्यांनी खाटकाकडून बकऱ्याच्या मांडीचे हाड उभे चिरून आणून वर्गात दाखवावे. जे करीत नाहीत त्यांनी पुस्तकातले चित्र दाखवावे. पाहणाऱ्याला प्रथम ती जाळी स्पंजासारखी, कशीही विणलेली वाटते. मायर ह्यांच्या ध्यानात आले की ती कशीही नाही. पट्ट्या कमानीसारख्या वळत जातात आणि एकमेकींना छेदतात.

त्या सभेत कार्ल कुलमान बसले होते. हे गृहस्थ वैद्य नव्हते. झुरिकच्या तंत्रविद्यालयात ते पूल आणि यंत्रे ह्यांतल्या ताणाचे व दाबाचे गणित शिकवीत. चित्र पाहून ते चकित झाले, कारण असल्या रेषा ते फळ्यावर नेहमी काढीत असत. ओझी उचलणारी यारी असते ना, बंदरावरची क्रेन, तिच्या वाकलेल्या मानेत ताण कुठून जातो आणि दाब कुठून, त्याच्या ह्या रेषा! एक साधे उदाहरण घ्या. आंब्याच्या आडव्या फांदीला झोका बांधून मूल बसवा. फांदीची वरची बाजू ताणली जाते, खालची दाबली जाते. मांडीच्या हाडाचे डोके बाजूला वाकलेले आहे आणि त्यावर धडाचे ओझे येते. म्हणजे तीही एक फांदीच. जिथून ताण व दाब जातात, तिथेच हाडाच्या पट्ट्या उभ्या होत्या. कुलमान ह्यांनी मग विद्यार्थ्यांकडून मांडीच्या हाडाच्याच आकाराची यारी कागदावर काढवून घेतली आणि तिच्यात त्या रेषा भरवल्या. मायर ह्यांचा निबंध १८६७ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही गोष्ट पुढे ज्यांच्या नावावर जमा झाली ते मात्र बर्लिनचे शस्त्रवैद्य यूलिउस वोल्फ. त्यांनी वाकडी जुळलेली, वर्षानुवर्षे वेगळाच भार सोसलेली हाडे तपासली आणि १८९२ मध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. भार बदलला की हाडाची आतली बांधणी बदलते आणि मागाहून बाहेरचा आकारही बदलतो, हा त्यांचा नियम. वैद्यकाच्या पुस्तकांत आजही तो 'वोल्फचा नियम' म्हणून शिकवतात. वोल्फ ह्यांना हा नियम भूमितीसारखा बिनचूक वाटे. तो तसा नाही. कुलमानचे गणित एकसंध भरीव वस्तूचे आहे; हाड जाळीदार आहे आणि त्यावर दिवसभर निरनिराळ्या दिशांनी भार येतो. शिवाय हे घडवून आणणारा कोण, ह्याचे उत्तर वोल्फ ह्यांच्यापाशी नव्हते. माझ्या मते ह्या बाबतीत विल्हेल्म रू ह्यांची दृष्टी अधिक पोहोचली होती. शरीराचे भाग कामाप्रमाणे आपले आपण घडत जातात, आणि हे काम त्या भागातल्या पेशीच करतात, असे त्यांनी १८८१ मध्येच मांडले होते.

एवढे कळूनही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आजाऱ्याला आठवडेच्या आठवडे खाटेवर पडून राहायला लावीत. त्याचे मोल १९४८ मध्ये अमेरिकेतल्या डाइट्रिक, व्हीडन आणि शॉर ह्यांनी मोजले. चार धडधाकट तरुणांना त्यांनी कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत प्लास्टर घालून सहासात आठवडे निजवून ठेवले. तरुणांना रोग कोणताच नव्हता आणि खाणेपिणे व्यवस्थित होते. तरीही लघवीवाटे चुना, म्हणजे कॅल्शियम, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जाऊ लागला. हा चुना हाडांतूनच सुटत होता. अंतराळवीरांचेही असेच झाले. तिथे शरीराला वजनच जाणवत नाही. महिनोन्‌महिने वर राहणाऱ्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला शेकडा एक किंवा त्याहून थोडे अधिक कमी होते. उलट बाजूचा पुरावा टेनिस खेळणाऱ्यांनी दिला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापांत पुरुष खेळाडूंच्या खेळत्या दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या दंडापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड आढळली आणि बायकांची सुमारे २८ टक्के. माणूस तोच, अन्न तेच, रक्त तेच. फरक फक्त भाराचा!

इथे कोणी शेतकरी बंधू विचारील, "आमच्या बायका जन्मभर हंडे वाहतात, भारे उचलतात. मग त्यांची हाडे का मोडावीत?" प्रश्न बिनतोड आहे. त्याचे थोडे उत्तर १९८४ च्या एका प्रयोगात मिळते. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन ह्यांनी पक्ष्याच्या पंखातले एक हाड रोजच्या कामातून मोकळे केले आणि त्याला यंत्राने मोजून दाब दिला. दाब दिलाच नाही तर हाड झिजे. दिवसाला अवघे ४ वेळा दिला तर झीज थांबे. ३६ वेळा दिला तर नवे हाड भरे. मग त्यांनी ३६० वेळा दिला, १८०० वेळा दिला. जास्त लाभ काही झाला नाही. दाब एकसारखा धरून ठेवला तर त्याचाही उपयोग होत नसे. दाब येऊन जावा लागतो. म्हणजे हाड कष्टाचे तास मोजीत नाही. सवयीच्या ओझ्याला ते पूर्वीच सरावलेले असते. त्यापेक्षा थोडे जोराचे, थोडे निराळे असे काही आले म्हणजे त्याची दखल घेते. उत्तराचा दुसरा भाग पाळीशी निगडित आहे. हा संबंध १९४१ मध्ये बोस्टनचे डॉक्टर फुलर ऑलब्राइट ह्यांनी दाखवला. पाळी गेली की स्त्रीच्या शरीरातला एक रस आटतो आणि हाड झपाट्याने विरळ होऊ लागते. त्यात पोटाला दूध, नाचणी नसेल आणि अंगाला ऊन लागत नसेल, तर नुसत्या हंड्यांनी ती तूट कशी भरून निघणार?

आता भार 'कळतो' म्हणजे कोणाला कळतो? १९५७ मध्ये जपानचे फुकादा आणि यासुदा ह्यांनी दाखवले की सुके हाड दाबले तर त्यात सूक्ष्म वीज उत्पन्न होते. आता उलगडा झाला, असे पुष्कळांना वाटले. पण जिवंत हाड ओले असते आणि तिथली वीज मुख्यतः आतल्या द्रवाच्या हालचालीने होते, असे पुढे दिसून आले. तो द्रवच महत्त्वाचा ठरला. भरीव दिसणाऱ्या हाडातही असंख्य बारीक कोठड्या असतात. प्रत्येक कोठडीत एक पेशी कोंडलेली असते आणि शेतातल्या पाटचाऱ्यांसारख्या नळ्यांतून ती शेजारणींशी हात मिळवून असते. आपण पाऊल टाकले की हाड केसाहूनही कमी वाकते, नळ्यांतले पाणी सरकते आणि पेशीला कळते, की भार आला.

पेशीच्या कातड्यावर दाबाने उघडणारी दारे असतात. ती आर्डेम पातापूतियान ह्यांच्या अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये शोधली. ह्या कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्यांतले एक दार हाडाच्या पेशींतही आहे. ह्या कोंडलेल्या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचा एक पदार्थही सोडतात. नवे हाड घालणाऱ्या पेशींना तो रोखून धरतो. भार आला की त्याचे प्रमाण घटते आणि काम सुरू होते. हे कळले ते दक्षिण आफ्रिकेतल्या काही डच वंशाच्या कुटुंबांमुळे. त्यांच्यात हा पदार्थ जन्मतःच तयार होत नसे आणि हाडे बेसुमार जाड होत. त्यामागचे जनुक २००१ मध्ये सापडले. त्यावरून केलेले औषध २०१९ पासून काही देशांत वापरात आले. ते बारा महिनेच देतात, हृदयविकार असलेल्यांना जपून देतात, आणि नंतर दुसरे औषध चालू ठेवले नाही तर मिळवलेले हाड पुन्हा ओसरते.

वय वाढते तशा ह्या कोंडलेल्या पेशींतल्या कित्येक मरतात, नळ्या बुजतात. हाक तीच, पण ऐकणारे कमी. मग म्हातारे हाड बहिरेच होते का? ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, हाडे विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या १०१ स्त्रिया घेतल्या होत्या. अर्ध्याजणींना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, जाणत्या शिक्षकाच्या नजरेखाली जड वजने उचलायला आणि उडी मारून दणका घ्यायला लावले. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याचे हाड सुमारे ३ टक्के वाढले होते. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांचे एक टक्क्याहून अधिक घटले होते. हे पाहून घरच्या आजीला कोणी एकदम गोणी उचलायला लावू नये, बरं का! ह्या बायकांना हळूहळू चढवीत नेले होते.

आणि खुबा मोडलेल्या त्या आजीचे काय? आता शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया करतात, आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच दिवशी दोघेजण दोन्ही बाजूंनी धरून तिला खाटेजवळ उभे करतात. ती कण्हते, रागावते, "मेल्यांनो, सोडा मला," म्हणते. पाय जमिनीला टेकलेला असतो.