भोंग्याआधीची न्याहारी

तारीख १ एप्रिल १९५७, वार सोमवार. पहाटेचे पाच वाजायला आलेत आणि तुम्ही लालबागमधल्या एका चाळीच्या जिन्यात उभे आहात. नळाला पाणी आलंय. खाली बादल्यांची रांग लागलीय, कुणीतरी कुणाचा तरी नंबर चुकवल्यावरून आवाज चढलाय. जिन्यात कोळशाच्या शेगडीचा धूर कोंडलाय. मुंबईत चांगली न्याहारी कुठे मिळते, हे पाहायला तुम्ही आलात ना? मग खाली रस्त्यावर पाट्या शोधू नका. दुसऱ्या मजल्यावर चला. तिथे पाटी नाही, पण दाराबाहेर चपलांचा ढीग आहे.

आत एकच खोली. भिंतीला टेकून आठ-दहा माणसं मांडी घालून बसलीत. कुणी कणकवलीकडचा, कुणी साताऱ्याकडचा. बायकामुलं गावाला, आणि इथे खोलीत एका वळकटीवर दोघांचा हक्क, रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठणार. अशा माणसाला घर नाही, चूल नाही, आणि गिरणीत सातच्या पाळीला तर उभं राहायचंच आहे. या खोलीसारख्या घरगुती खानावळी अशांसाठीच निघाल्या.

तुम्हाला बघून खानावळवाल्या बाई विचारतही नाहीत कोण, कुठले. "बसा भाऊ, भोंगा व्हायच्या आत खाऊन घ्या," एवढंच म्हणतात.

त्यांच्या हातांकडे बघत बसा. काठवटीत ज्वारीचं पीठ ऊन पाण्यात मळून झालंय. गोळा तळव्यावर घेतला, पिठावर ठेवला, थापायला सुरुवात केली. डावा हात कडा सांभाळतो, उजवा थापतो, आणि भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होत जाते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरतो. पाणी सुकण्याआधी ती उलटायची. उशीर झाला तर वरचा थर तडकतो, मग भाकरी फुगत नाही. मग तवा बाजूला होतो आणि भाकरी निखाऱ्यावर जाते. क्षणात टम्म! वाफ बोटांना लागते, पण बाई बोटं झटकतही नाहीत. एक भाकरी निखाऱ्यावर, दुसरी तव्यावर, तिसरी काठवटीत. मध्येच मागे न बघता डब्यांच्या रांगेत कालवण वाढणं चालू असतं.

तुमच्या ताटलीत गरम भाकरी, लसणाची चटणी, कांदा फोडून, आणि थोडासा सुका जवळा. शेजारी चहाचा पेला. कोपऱ्यातला म्हातारा कालची भाकरी चहात कुस्करून खातोय. चवीबद्दल इथे कुणी बोलत नाही, कारण कुणाला वेळ नाही. पण पहिला घास तोंडात गेल्यावर तुम्हालाच कळेल की याहून ताजं अन्न आज या शहरात कुणाच्या वाट्याला येणार नाही.

पैसे काढू नका. इथे रोख कुणी देत नाही. महिन्याचं खातं असतं, पगार झाला की हिशेब. तोवर वाण्याची उधारी बाईंच्या नावावर, सावकाराचं व्याजही त्यांच्याच डोक्यावर. गिरणीत एखाद्याला बदली कामगार म्हणून काम मिळालं नाही, कुणी आजारी पडून गावी गेला, की त्याचं खातं तसंच राहतं. तरी उद्या पहाटे शेगडी पेटणारच आहे.

भोंगा होतो. खोली दोन मिनिटांत रिकामी. तुम्हीही निघा आणि दादरची ट्राम पकडा.

दादरला पूल ओलांडून पश्चिमेला आलात की मामा काणे यांचं स्वच्छ उपाहारगृह. १९१० पासून चालू आहे. नावातच स्वच्छता, आणि आत शिरल्यावर ती दिसतेही. बटाटेवडा मागवा. वडापाव मात्र मागू नका, तो अजून जन्मालाच यायचा आहे. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घातला, असं सांगतात. आज वडा काण्यांकडे आणि पाव इराण्याकडे, अशी दोघांची घरं वेगळी आहेत. ती एकत्र यायला घाईत असलेला माणूसच लागणार आहे, ज्याला ना टेबलावर बसायला वेळ, ना तेवढे पैसे.

आता लोकलने मरीन लाइन्स. धोबीतलावला मेट्रो सिनेमाच्या समोर इराण्याचं १९०४ सालचं कयानी. ब्रून मस्का आणि चहा सांगा. ब्रूनचं कवच कडक, आत लोणी. चहात बुडवून खाल्ला नाही तर टाळू सोलवटेल. शेजारी एकजण 'मराठा' दैनिक वाचतोय. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची हवा आहे, आचार्य अत्रे नुकतेच दादरमधून निवडून आलेत. पेपराचं एक पान तुमच्याकडे सरकवलं जातं. इराण्याकडे एक पेपर चौघांत वाचायची रीतच आहे.

गल्ल्यावर मात्र आज गोंधळ आहे. आजपासून नये पैसे सुरू झालेत. कालपर्यंत रुपयाचे ६४ पैसे होते, आजपासून १०० नये पैसे. आण्याचे सव्वासहा. समजा तुमचं बिल दोन आणे झालं, तर साडेबारा व्हायला हवेत. पण अर्ध्याचं नाणंच नाही, म्हणून सरकारी कोष्टकात १२. तीन आण्यांचे मात्र १९. जुनी नाणीही चालतायत, त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाईक बोटांवर मोजतंय आणि मागे रांग वाढतेय.

तिन्ही ठिकाणी तुम्ही जेवलात. मला विचाराल तर पहिला मान लालबागच्या त्या खोलीचा. काण्यांचं नाव राहिलं, कयानीचंही राहिलं, आणि राहायलाच हवं. पण गिरण्यांचे भोंगे ज्यांच्या भाकरीवर वाजले, त्या बायकांची नावं कुठल्याही यादीत नाहीत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्यांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली, तेव्हा कुठे सावकाराचा विळखा सैल व्हायला लागला.

तुमच्या घरात कुणी गिरणीत होतं का? आजोबा, मामा, शेजारचे काका? अजून हयात असतील तर या आठवड्यातच त्यांच्याकडे जा. ते कुणाकडे जेवायचे, कुठल्या चाळीत, कितव्या मजल्यावर, हे विचारा, आणि त्या बाईंचं नाव लिहून ठेवा.