किल्ली कोणाच्या हाती?

महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ १८७३ साली अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या गुलामांनी स्वतः काय उभारले, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. म्हणून फिलाडेल्फिया येथील सेंट थॉमस या चर्चचा इतिहास मला येथे मांडावयाचा आहे. एपिस्कोपल पंथातील कृष्णवर्णीयांचे हे पहिले चर्च.

त्याचे संस्थापक अब्सालोम जोन्स १७४६ साली डेलावेअरमध्ये गुलाम म्हणून जन्मले. ते सोळा वर्षांचे असताना मालकाने त्यांची आई व भावंडे विकली आणि त्यांना फिलाडेल्फियाला आणले. दिवसा दुकानात राबून ते रात्रशाळेत शिकले. त्यांनी प्रथम पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले. कारण आई गुलाम तर मूल गुलाम, असा कायदा होता. स्वतः ते १७८४ साली मुक्त झाले. १७८७ साली त्यांनी रिचर्ड अॅलन यांच्यासह ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ ही परस्परसाहाय्याची संस्था स्थापन केली.

ही मंडळी सेंट जॉर्ज या गोऱ्यांच्या मेथडिस्ट चर्चमध्ये जात. तेथील माडी बांधण्यास त्यांनीही पैसे दिले होते. पुढे त्याच माडीवर त्यांना वेगळे बसविण्याचे ठरले. एका रविवारी प्रार्थना चालू असताना गुडघे टेकलेल्या जोन्स यांना ओढून उठविण्यात आले. प्रार्थना संपताच सारे कृष्णवर्णीय एकजुटीने बाहेर पडले. काळाराम मंदिराच्या दाराशी १९३० साली आपली माणसे उभी होती, त्यांना आत प्रवेशच नव्हता. येथे प्रवेश होता. नव्हती ती समानता.

१७९३ साली शहरात पीतज्वराची साथ आली. सुमारे ५,००० माणसे दगावली. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही, अशा चुकीच्या समजुतीतून त्यांना शुश्रूषेला बोलावण्यात आले. त्यांनी रोगी सांभाळले, प्रेते पुरली, स्वतःही मेले. तरी मॅथ्यू केरी या प्रकाशकाने त्यांच्यातील काहींवर लूटमारीचा आरोप केला. जोन्स व अॅलन यांनी १७९४ साली पुस्तिका छापून जमाखर्चच लोकांपुढे ठेवला. जमेपेक्षा खर्च अधिक होता.

त्याच वर्षी १७ जुलैला सेंट थॉमसचे दार उघडले. अॅलन मेथडिस्टच राहिले. बहुसंख्यांनी एपिस्कोपल पंथ पसंत केला. पण त्यांनी तीन अटी घातल्या : आम्हांला संघटित समूह म्हणून स्वीकारा, आमचा कारभार आमच्याच हाती राहील, आणि जोन्स यांना वाचक नेमून, पात्र ठरल्यास धर्मगुरूची दीक्षा द्या. या अटी मान्य झाल्या. पहिल्या वर्षातच सभासद ५०० च्या वर गेले. जोन्स १७९५ साली डीकन व पुढे या पंथाचे अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय धर्मगुरू झाले. १ जानेवारी १८०८ रोजी, गुलामांच्या आयातीवर बंदी आली त्या दिवशी, याच चर्चमध्ये त्यांनी आभाराचे प्रवचन दिले.

या वाढीची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. जोन्स यांना ग्रीक-लॅटिनच्या अटीतून सूट देताना, या चर्चने प्रांतिक धर्मसभेत प्रतिनिधी पाठवू नयेत, असे ठरविण्यात आले. अर्ध्या शतकाहून अधिक काळ हा अन्याय टिकला. म्हणजे घराची किल्ली मिळाली, पण वाड्याच्या पंचायतीत मत नाही! अॅलन यांनी मात्र १८१६ साली स्वतंत्र पंथच स्थापन केला.

आज हे चर्च पश्चिम फिलाडेल्फियात नांदते आहे. जोन्स चुकले असे मी म्हणणार नाही. लेखी अटी घातल्या नसत्या, तर किल्लीही मिळाली नसती. परंतु आपल्या संस्था, संघटना मोठ्या पक्षांच्या, विद्यापीठांच्या छत्राखाली जातात तेव्हा अनुदान किती, एवढेच विचारून भागत नाही. कारभार कोणाचा आणि निर्णयाच्या सभेत आपले मत आहे की नाही, हे प्रश्न आत शिरण्यापूर्वीच विचारावे लागतात.