भूल, शल्यक्रियेतील (प्रारंभीचा इतिहास)

शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना जाणवू नयेत म्हणून औषधाने रोग्याची शुद्ध किंवा संवेदना काही काळ घालवणे. शस्त्रक्रिया फार जुनी, भूल त्यामानाने कालची. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी तीक्ष्ण मद्य पाजावे असे सांगितले आहे. त्यापलीकडे रोग्याची सहनशक्ती आणि वैद्याचा हात, एवढाच आधार असे.

त्या काळाची ठळक नोंद पुण्याजवळची आहे. इंग्रज फौजेतील बैलहाक्या कावसजी 1792 च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. सुमारे वर्षभराने वीट पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बेतून घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोलून खाली वळवायची. रक्तपुरवठ्यासाठी भुवयांमधला एक पदर मात्र तसाच ठेवायचा. सांधा काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी धरला जाई. पाचसहा दिवस रोगी उताणा आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास तो पदर कापायचा. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर 1794 मध्ये ही हकिकत छापून आली. भुलीचा त्यात उल्लेखही नाही. कावसजीने काय सोसले असेल, याची कल्पनाच करावी.

जपानमध्ये हानाओका सेइशू यांनी 1804 मध्ये वनौषधींच्या काढ्याने भूल देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. पण देश बंद असल्याने ती बाहेर कळली नाही. अमेरिकेत क्रॉफर्ड लाँग यांनी 1842 मध्ये ईथर वापरले, मात्र ते प्रसिद्ध केले 1849 मध्ये. त्यामुळे श्रेय गेले 16 ऑक्टोबर 1846 रोजी बोस्टनमध्ये जाहीर प्रयोग करणाऱ्या विल्यम मॉर्टन या दंतवैद्याकडे. पुढच्याच मार्चमध्ये कलकत्त्यात ईथर वापरले गेले आणि नोव्हेंबरमध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला.

क्लोरोफॉर्मने काही रोगी अचानक दगावू लागले. त्याचा शोध घेण्यासाठी, मराठवाडा ज्या राज्यात होता त्या हैदराबादच्या निजामाच्या पैशाने, एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग नेमले गेले. आधी श्वास थांबतो, हृदयाला थेट धोका नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो चुकीचा होता. हलक्या भुलीतही क्लोरोफॉर्मने हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येतो, हे गुडमन लेव्ही यांनी 1911 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले.