आंबट द्राक्षांचा इतिहास

मराठी मध्यमवर्गीय माणसाची आणि दारूची पहिली भेट बहुधा नाट्यगृहात होते. राम गणेश गडकऱ्यांनी 'एकच प्याला' लिहिला आणि पुढच्या चार पिढ्यांची सोय करून ठेवली. सुधाकराचं काय झालं हे एकदा पाहिलं की माणूस घरी येऊन निमूटपणे ताक पितो. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला आपण पोट धरधरून हसतो, पण वर्गणी भरायला कोणी पुढे होत नाही. दारूच्या बाबतीत आमचं सगळं ज्ञान असं नाट्यगृहातलं. तेही तिसऱ्या रांगेतून.

अपवाद एकच. द्राक्षासव! आमच्या आजीला जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव आणि तितकंच पाणी, असा रतीब होता. ते घेतल्यावर ती प्रसन्न दिसे आणि सुनांबद्दल बरं बोले. घरात याला 'पचन सुधारलं' म्हणत. बाटलीवरची बारीक अक्षरं मी मोठेपणी वाचली. द्राक्षं आंबवून केलेल्या या औषधात आपोआप तयार झालेला मद्यार्क पाच-दहा टक्के तरी असतो. वाइनमध्ये तो बारा-तेरा टक्के. म्हणजे आमची आजी आणि पॅरिसमधला एखादा रसिक यांच्यात अंतर होतं ते दोन-चार टक्क्यांचं आणि एका चमच्याचं.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या हिवाळ्यात आम्ही शनिवार-रविवार नाशिकला जाऊन वाइन चाखून आलो. बेत अर्थातच मेहुण्याचा. गाडी त्याची. चालवणार त्याची बायको, कारण ती चाखणार नव्हती आणि बाकी तिघांवर तिचा विश्वास नव्हता. मेहुण्याने फोनवर 'भावोजी, वाइन टेस्टिंगला जायचंय' म्हटलं तेव्हा मी विचारलं, "कायद्यात बसतं का?" प्रश्न अगदीच गैरलागू नव्हता. आपल्या राज्याचा मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. त्याचं नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालं, पण 'दारूबंदी' हा शब्द तसाच आहे, आणि प्यायची तर परवाना हवा हेही तसंच आहे. ज्या राज्याने वाइनला उत्तेजन देण्यासाठी खास धोरण आखलं, ते राज्य ही सगळी उत्तेजना दारूबंदी कायद्याखाली बसवतं. आम्हा बँकवाल्यांना यात नवल वाटत नाही. आमच्याकडेही एक परिपत्रक दुसऱ्याच्या मांडीवर बसून त्याच्याच विरुद्ध बोलत असतं.

सौभाग्यवतीने मात्र अट घातली. आधी पांडवलेणी, मग ते तुमचं काय असेल ते. पाप करण्यापूर्वी पुण्याची आगाऊ रक्कम भरण्याची ही पद्धत मला पसंत आहे.

पांडवलेणी मुंबई-आग्रा रस्त्यालगतच आहेत. नाव पांडवांचं, लेणी बौद्ध. पायऱ्या चढताना मेहुण्याला धाप लागली आणि मला आनंद झाला. खरा आनंद पुढे होता. दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा उषवदात म्हणजे क्षत्रप राजा नहपानाचा जावई. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला माणूस. तीन लाख गाई दान केल्या वगैरे थोरा-मोठ्यांना शोभणारा मजकूर त्यात आहेच, पण माझे डोळे लागले ते आकड्यांवर. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा दर शेकडा एक या व्याजाने. दुसऱ्या एका विणकर श्रेणीकडे एक हजार, दर शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी.

मी तिथेच उभ्या उभ्या हिशोब केला. दोन हजारांवर एक टक्का म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्षू गुणिले बारा, दोनशे चाळीस. बरोब्बर! एक कवडीचा फरक नाही. शिवाय हे सगळं निगमसभेत जाहीर केलं आणि दप्तरात नोंदवलं, हेही दगडावर कोरून ठेवलंय. एकोणीसशे वर्षांपूर्वीची ठेव, वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दर, आणि ताळेबंद जुळलेला. मी लेण्यासमोर हात जोडले. सौभाग्यवतीला वाटलं बुद्धाला जोडले.

आता या जावयाचे सासरे पाहा. त्याच शतकांतल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाचं प्रवासपुस्तक लिहिलंय. भडोच बंदरात कोणता माल खपतो याची त्यात यादी आहे. यादीत वाइन आहे, आणि गिऱ्हाईक इटलीची पसंत करतं असा शेराही आहे. राजासाठी वेगळा माल यायचा. चांदीची भांडी, गाणारी मुलं, सुंदर दासी आणि उंची वाइन. या राजाचं नाव पुस्तकात जरा मोडकंतोडकं आलंय, पण बहुतेक अभ्यासक तो नहपानच मानतात. म्हणजे सासरेबुवा इटलीहून वाइन मागवताहेत आणि जावई भिक्षूंच्या कपड्यांसाठी मुदतठेव ठेवतोय. हे उलट व्हायला हवं होतं, असं जावई या नात्याने मला वाटतं. रोमन वाइनचे रांजण, म्हणजे दोन कानांचे ते निमुळते कुंभ, नेवाशाच्या उत्खननात फुटक्या तुकड्यांच्या रूपाने सापडलेत. ज्ञानेश्वरीचं नेवासं ते हेच. मराठी मातीत वाइन कालपरवा आली असं म्हणणाऱ्यांनी जरा खणून पाहावं.

नहपानाचा शेवट मात्र वाईट झाला. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केला आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला शिक्का मारून तीच चालवली. नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ साली अशा नाण्यांचा तेरा हजारांवर साठा सापडला. त्यातली बहुसंख्य फेरशिक्क्याची. आमच्याकडे याला विलीनीकरण म्हणतात. नाणं तेच, कर्मचारी तेच, शिक्का नवा.

आणि ते गोवर्धन? ते नाशिकजवळ आजही आहे, गंगापूरच्या रस्त्याला. जिथे विणकरांनी ठेवी घेतल्या, त्याच गोवर्धनात 'सुला'च्या बागा आहेत. राजीव सामंत नावाचा तरुण अमेरिकेत स्टॅनफर्डला शिकला, ओरॅकलमध्ये नोकरी केली, ती सोडून घरच्या जमिनीवर परत आला. १९९६-९७ च्या सुमारास त्याने वाइनची द्राक्षं लावली, २००० साली पहिली वाइन बाजारात आणली आणि तिला आईच्या सुलभा या नावावरून नाव दिलं. अमेरिकेची नोकरी सोडून मुलगा परत आला आणि दारू गाळायला लागला, हे वाक्य कुठल्याही मराठी घरात उच्चारून पाहा. त्या माऊलीने काय ऐकून घेतलं असेल कोण जाणे! डिसेंबर २०२२ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. मग नातेवाईकांचं मत बदललं असणार.

आम्ही मोठ्या ठिकाणी गर्दी म्हणून धरणाच्या अंगाला एका छोट्या वायनरीत गेलो. एका लाकडी फळीवर पाच पेले मांडून एका मुलाने आम्हाला शिकवायला सुरुवात केली. पेला देठाला धरायचा, फिरवायचा, हुंगायचा, एक घोट तोंडात खेळवायचा आणि शेजारच्या भांड्यात थुंकायचा. इथवर सगळं ठीक होतं. पण पाच घोटांचे पैसे आगाऊ भरून ते थुंकणारा मध्यमवर्गीय अजून जन्माला यायचाय. आम्ही भांडं आदराने बाजूला सरकवलं. मुलगा म्हणाला, "या सोव्हिन्याँ ब्लाँमध्ये तुम्हाला ढोबळी मिरचीचा वास येईल." सौभाग्यवतीने हुंगलं आणि चेहरा गंभीर केला. "अहो, खरंच येतोय. घरी फ्रिजमध्ये दोन राहिल्यात, सोमवारी भरून करते." चौथ्या पेल्याला मेहुण्याला ओल्या मातीचा वास आला, पाचव्याला त्याला शाळेतले दिवस आठवले.

द्राक्ष दख्खनमध्ये मुहम्मद तुघलकाने आणलं असं सांगतात. खरंखोटं त्याला ठाऊक. पण १३२७ मध्ये त्याने राजधानी दौलताबादला हलवली, आणि पुढे इब्न बतूता तिथे आला तेव्हा त्याने द्राक्षं-डाळिंबांचं कौतुक केलं, वर्षातून दोनदा पीक येतं म्हणून. या 'दोनदा'मध्ये आमच्या नाशिकची सगळी द्राक्षविद्या आहे. युरोपात थंडीत वेल झोपतो, आपल्याकडे त्याला झोपच नाही. म्हणून त्याला दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. पीक घ्यायचं एकदाच, जानेवारी ते मार्च. वर्षातून दोनदा कात्री लावून एकदाच फळ घ्यायचं हे तत्त्व आमच्या पगारवाढीलाही लागू आहे. नाशकात खाण्याच्या द्राक्षाची बाग पहिल्यांदा रुजवली ती ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी, १९२५ साली. मग थॉमसन सीडलेस आली. तिच्यातूनच सांगलीकडे तास-ए-गणेश आणि सोलापूरकडे सोनाका निपजली.

वाइनचं द्राक्ष मात्र वेगळं. बारीक मणी, जाड साल, आत बिया. कोल्ह्याची समजूत आणि वस्तुस्थिती यांत फरक असा की हे दिसायला दरिद्री द्राक्ष खाण्याच्या द्राक्षाहून जास्त गोड असतं. गोडीचाच पुढे मद्यार्क होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही विंचूरकडे निघालो. २००१ साली सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण काढलं, दहा वर्षं अबकारी सवलत दिली, विंचूरला वाइन पार्क उभारलं. त्याआधी १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फ्रेंच मदतीने फेसाळती वाइन केली होती आणि 'ओमर खय्याम' नावाने परदेशी पाठवली होती. तेव्हा ते एकटे होते. धोरण आल्यावर बघता बघता डझनावारी वायनऱ्या निघाल्या. शेतकऱ्यांनी थॉमसन काढून शिराज लावली. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली. वाइन पिंपात आणि द्राक्ष वेलावर राहिलं.

आम्ही गेलो त्या वायनरीचा मालक साठीचा शेतकरी. पांढरा सदरा, पायात चपला, हातात पेला देठालाच धरलेला. बाटल्यांबद्दल फार बोलला नाही, बागेत घेऊन गेला. बोलता बोलता विचारलं, "साहेब, आपण कुठं असता?" मी म्हटलं, बँकेत. त्याने पेला खाली ठेवला.

"वसुलीला नाही ना आला?"

मी नाही म्हटल्यावर हसला, पण थोडं उशिरा. मग सांगत गेला. कर्ज काढून चार एकर शिराज लावली, पोलादी टाक्या आणल्या. खरेदीदाराने दोन वर्षं पैसे थकवले. टाक्यांत वाइन पडून. "बँकेचे साहेब आले, म्हणाले माल जुना झालाय, जुन्या मालावर पैसे मिळत नाहीत. मी म्हटलं, साहेब, ही वाइन आहे. जुनी झाली की भाव वाढतो."

तो साहेब बरोबर होता हे मला ठाऊक आहे. आमच्या साठापत्रकात पडून राहिलेला माल म्हणजे न खपणारा माल, मग तो सिमेंट असो वा वाइन. तशी सगळीच वाइन वयाने सुधारत नाही, पण सुधारणारीला तरी पत्रकात वेगळा रकाना असावा. तो नाही. तीन वर्षं थांबावं लागणाऱ्या धंद्याला आम्ही तीन महिन्यांची पट्टी लावतो आणि हप्ता चुकला की लाल शाई. माझ्या हातून अशी पत्रकं किती गेली असतील! मी त्याला हे बोललो नाही. उषवदाताची गोष्ट सांगितली. दर शेकडा दरमहा एक, म्हणजे वर्षाला बारा.

"मलाही बाराच लागले होते," तो म्हणाला. "दोन हजार वर्षांत रेट काही उतरला नाही म्हणायचा. पण त्यानं मुद्दल मागितलं नाही बघा."

तीन एकर शिराज त्याने करवतीने कापली आणि त्याच खोडांवर थॉमसनची कलमं भरली. त्यातून कर्ज फिटलं. एक एकर ठेवली, तीच त्याची वायनरी. एका वेलापाशी वाकून त्याने मला दाखवलं. मुळं डॉगरीजच्या अमेरिकन खुंटाची, मधे हातभर खोड शिराजचं, वर थॉमसन. दर छाटणीला त्या मधल्या खोडातून शिराजचे फुटवे येतात. येताच मोडावे लागतात, नाहीतर वरच्या घडांचं खातात. त्याने बोलता बोलता दोन मोडले आणि खिशात टाकले.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने किराणा सुपरमार्केटात वाइन ठेवायला परवानगी द्यायचं ठरवलं होतं. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि ते फडताळ रिकामंच राहिलं. सौभाग्यवतीने विषय काढला तेव्हा मालक म्हणाला, "ताई, साखरेशेजारी ठेवा की औषधाशेजारी, बाटली उचलली म्हणजे झालं." तिने दोन उचलल्या. एक शिराज आणि एक, तिच्या मते, पचनासाठी. त्याने बिल केलं, कर वेगळा दाखवला, बेरीज मी तपासली आणि ती बरोबर होती. मेहुणा मागच्या सीटवर झोपला होता. त्याच्या बायकोने गाडी कसाऱ्याच्या दिशेने वळवली आणि मालकाने हात दाखवून सांगितलं, "फेब्रुवारीत या, तोडणी असते. टोपली मी देईन."