नव्वदाव्या मिनिटानंतर

१३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला आणि मुंबई सिटी संघाने एटीके मोहन बागानला २-१ असं हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. कोरोनामुळे मैदान रिकामं होतं. संघाचं घर अंधेरीचं क्रीडासंकुल. पण आम्हा उपनगरवासीयांना हे पहिलं विजेतेपद टीव्हीवरच पाहावं लागलं.

आता पुढचे हंगाम आपलेच, असं वाटलं होतं. पुढच्याच हंगामात संघ पाचवा आला.

मला मुंबईचाच महिंद्रा युनायटेड आठवतो. २००६ मध्ये तो राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये मालकांनी संघच बंद केला. पाचव्या क्रमांकावरून पुन्हा वर येता येतं, मुंबई सिटीने २०२४ मध्ये ते दाखवलं. बंद झालेल्या संघाला मात्र पुढचा हंगामच नसतो.