आंबागडच्या पायथ्याशी अखेरची शुश्रूषा

भंडारा जिल्ह्यात तुमसरजवळ, सातपुड्याच्या रांगेत आंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळात, १७०० च्या सुमारास, राजाखान पठाणाने तो बांधला. पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना गडावरच्या विहिरीचे विषारी पाणी प्यायला लावीत, असे इकडचे लोक सांगतात. माणसाने कसे मरावे याचा विचार सत्तेने इथे केला तो असा! गडाखालच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांचे अखेरचे दिवस सुखाचे जावेत, हा विचार मात्र फार उशिरा आला.

मरणाऱ्याची सेवा आपल्याला नवी नाही. माणसाला भुईवर घ्यावे, तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालावे, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. पण ही रीत शेवटच्या घटकेची. कर्करोगासारखा आजार त्याआधी कित्येक महिने छळतो. त्या महिन्यांचे काय करायचे, याला आपल्या रूढीत उत्तर नव्हते, आणि ‘आता घरी न्या’ असे सांगणाऱ्या वैद्यकशास्त्रातही नव्हते.

ते उत्तर शोधले सिसिली साँडर्स या इंग्रज बाईंनी. त्या आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. वेदना वाढण्याची वाट न पाहता घड्याळ लावून मॉर्फिन द्यायचे, ही त्यांची पद्धत. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, नात्यांची, पैशाच्या काळजीचीही असते, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवले. दोनच वर्षांत, १९६९ साली, त्यांच्या परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊ लागल्या.

भारतातले पहिले हॉस्पिस आपल्या मुंबईतच, वांद्र्याला, १९८६ साली सुरू झाले. डॉ. एल. जे. डिसोझा यांचे ते ‘शांती आवेदना’. पण दैवयोग असा की, त्याच्या आदल्याच वर्षी अमली पदार्थांचा कडक कायदा आला होता. व्यसन रोखण्यासाठी केलेल्या या कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे इस्पितळांतूनही मॉर्फिन दिसेनासे झाले. जो देश औषधासाठी अफू पिकवून परदेशी पाठवतो, त्याच देशातले रुग्ण कण्हत राहिले. २०१४ साली कायदा दुरुस्त होऊन एका परवान्यावर काम भागू लागले.

दरम्यान केरळने वेगळी वाट धरली होती. १९९३ साली कालिकतमध्ये डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे केंद्र काढले. पुढे गावोगावचे स्वयंसेवक परिचारिकांबरोबर घरोघरी फिरू लागले. महाराष्ट्राने २०१२ साली आपले धोरण आखले. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत गावपातळीवरील आरोग्य केंद्रांच्या सेवांमध्येही या शुश्रूषेचा समावेश आहे.

कागदावर हे सारे ठीक आहे. पण मला प्रश्न पडतो तो घराचा. घरी सेवा म्हणजे घरात सेवा करणारे कोणीतरी हवे. आमच्या भागातली तरुण मुले नागपूर-पुण्याकडे कामाला गेली. मागे उरतात दोघे म्हातारे. त्यातला एक अंथरुणाला खिळला की दुसऱ्याने, स्वतःचे गुडघे धरलेले असताना, त्याची कूस बदलायची, जखम धुवायची, रात्र जागायची. अनेकदा रुग्णाआधी सेवा करणारेच माणूस खचते. म्हणून दारात येणाऱ्या परिचारिकेने दोघांचीही नाडी पाहिली पाहिजे. आठवड्यातून दोन तास कोणी शेजारी येऊन बसला, तरी त्या म्हातारीला झोप मिळते.

यासाठी फार मोठी यंत्रे लागत नाहीत. तालुक्याला मॉर्फिनची गोळी हवी, ती द्यायला शिकलेला डॉक्टर हवा, आणि आशाताईंच्या जोडीला गावातली चार माणसे हवीत. पूर्वी मरण घरी यायचे तेव्हा घर भरलेले असे. आज ते पुन्हा घरी यायचे असेल, तर रिकाम्या झालेल्या घरात गावाने जाऊन बसायला हवे.