वरचा रस्ता

पायांखाली ताजा मुरूम करकरतोय. साल 1830 च्या आसपासचं. आज जिथे पोवई नाका आहे, तिथून तुम्ही साताऱ्यात शिरताय. समोर यवतेश्वराचा डोंगर, डाव्या हाताला अजिंक्यतारा. जुन्या पेठांच्या बोळांतून आलेल्या माणसाला ही रुंदी आधी खरीच वाटत नाही.

धुमसाचे ठोके पडताहेत. बाया पाट्यांनी मुरूम टाकतात, भिस्ती पखालीतून पाणी मारतो. उतारावरचं काम, पावसाळ्यात किल्ल्यावरचं पाणी थेट अंगावर येणार. म्हणून रस्ता डोंगराच्या कडेकडेने आडवा धरलाय. आणखी खालच्या अंगाला दुसरा. वरचा रस्ता, खालचा रस्ता: सातारकर आजही पत्ता सांगताना हेच म्हणतो.

जरा थांबा, वर बघा. अजिंक्यताऱ्याच्या तटाच्या आत, हा रस्ता करवून घेणाऱ्या प्रतापसिंह महाराजांचं लहानपण पेशव्यांच्या नजरकैदेत गेलं. 1818 मध्ये ते सुटले. पुढच्या वर्षी 25 सप्टेंबरच्या तहाने कंपनी सरकारने राज्य दिलं, पण हात बांधून. बाहेरच्या दरबाराशी परस्पर पत्रव्यवहारसुद्धा करायचा नाही. रस्ते करायला, महादऱ्याचं पाणी गावात आणायला, शाळा काढायला मात्र आडकाठी नव्हती. महाराजांनी सगळा जीव त्यात ओतला. हे राजेपण मला किल्ले जिंकण्याहून तसूभरही कमी वाटत नाही.

चालत राहा. मोती चौकाची जागा मागे पडली की राजवाडा. पण तिथे पोचेपर्यंत सप्टेंबर 1839 ची रात्र झालेली असते. कंपनी सरकारविरुद्धच्या कटाची कबुली द्या, गादी राहील, असं महाराजांना सांगून झालंय. त्यांनी सही केलेली नाही. इंग्रजी पहाऱ्यात त्यांना बाहेर काढतात, लिंब गावी नेतात, पुढे काशीला. महाराजांचे वकील रंगो बापूजी त्यांच्यासाठी लंडनमध्ये जवळपास 14 वर्षं भांडले. महाराज 1847 मध्ये काशीतच वारले. आपल्या रस्त्यावर त्यांचं पाऊल पुन्हा पडलं नाही.

आता राजवाड्याच्या दारातून आत या. जुन्या राजवाड्यात शाळा भरलीय. तारीख 7 नोव्हेंबर 1900. इंग्रजी पहिलीत आज एका नव्या मुलाचं नाव चढतंय: भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातला क्रमांक 1914.